भाडेकरू नातेवाइकाच्या निधनानंतर भाड्याचे घर रीतसर कसे सोडावे

घरातील माणूस गेल्यावर पहिले पंधरा दिवस द्वारदर्शनाला येणाऱ्यांची रीघ, दशक्रिया आणि गंधमुक्तीची तयारी यांत निघून जातात. गेलेले माणूस ज्या घरात राहत होते ते भाड्याचे आहे, त्याचे भाडे पुढच्या पाच तारखेला द्यायचे आहे आणि मालकाकडे अनामत पडून आहे, याची आठवण त्या गडबडीत कोणाला होत नाही. झालीच, तर असा विषय काढणे बरे दिसत नाही म्हणून तो मागे पडतो. माझ्या मावशीच्या जळगावच्या घराबाबत आमच्याकडून नेमके हेच घडले. गंधमुक्ती आटोपून कोणी सुरतेच्या, कोणी पुण्याच्या गाडीला लागले आणि निघताना मावसभावाने घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली. घरमालकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "किल्ली राहू द्या, बाकीनं मंग देखूत." दोन महिन्यांनी अनामत मागायला गेलो, तर घर इतके दिवस आमच्याच कुलपात होते असा हिशेब समोर आला आणि दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वजा झाले. मालक लबाड नव्हते. ताबा कोणत्या दिवशी दिला हे दाखवणारा चिटोराही आमच्याकडे नव्हता, इतकेच. तो चिटोरा, म्हणजे ताबा पावती, हाती येईपर्यंतची वाट पुढे क्रमाने सांगितली आहे.

घर सोडायचे आहे का, हे आधी ठरवा

घर सोडण्याची घाई बहुधा बाहेरगावच्या मुलांना असते आणि त्या घरात प्रत्यक्ष राहणारी आई किंवा बहीण गप्प बसलेली असते. तिला आधी विचारावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम ७(१५) मधील 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येत, राहण्यासाठी दिलेल्या घराचा भाडेकरू वारल्यास त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तेथे राहणारा कुटुंबीय येतो. असा कुटुंबीय नसेल तर वारस येतो, आणि आपसांत एकमत झाले नाही तर त्यांपैकी कोण हे न्यायालय ठरवते. म्हणजे या कायद्याखालच्या भाडेकरूची विधवा त्याच घरात राहत असेल, तर "आता घर खाली करा" या मालकाच्या एका वाक्याने तिला बाहेर पडण्याचे कारण नाही.

धुळ्या-जळगावच्या जुन्या पेठांतील वाड्यांत, अमळनेर-चोपड्याच्या जुन्या वस्तीत अशा पिढीजात भाडेकरूंच्या खोल्या अजून आहेत. त्यांचे भाडे नाममात्र असते, पण हक्क नाममात्र नसतो. असा हक्क सोडताना मोबदला मागणे पूर्वी गुन्हा समजले जाई. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ते कायदेशीर केले. त्यामुळे अशी खोली भावनेच्या भरात परत करण्याआधी वकिलाशी एकदा बोलून घ्यावे. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: घर घेतले त्या कामासाठी ते सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरले गेले नाही, तर तेवढ्यावरूनही मालक ताबा मागू शकतो. "कुलूप लावून ठेवू, दिवाळीला आल्यावर पाहू" हा विचार म्हणून धोक्याचा आहे.

भुसावळचे रेल्वे क्वार्टर, दीपनगरच्या वीज केंद्राची किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीची वसाहत यांतील घरे या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. ती नोकरीसोबत मिळालेली असतात आणि त्यांच्या मुदतीची विचारणा त्या त्या आस्थापनेच्या कार्मिक विभागाकडेच करावी लागते.

करार कोणता, ते पाहा

अलीकडे दिली जाणारी बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर असतात आणि बोलताना आपण त्यालाही भाडेकरारच म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठे अंतर आहे. भाडेपट्ट्याचा हक्क वारसाकडे जातो. लायसन्स मात्र त्या व्यक्तीपुरते असते, ते वारसाला मिळत नाही. म्हणून लायसन्सधारक एकटाच असेल, तर त्याच्या निधनानंतर वारसांनी घर परत करायचे असते. सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ने लायसन्सधारकाला दिला आहे आणि वारसांनीही त्याच आधारावर मुदत मागावी. करारात नवरा-बायको दोघांचीही नावे लायसन्सधारक म्हणून असतील, तर हयात व्यक्तीपुरता करार चालू राहतो. अशा वेळी घाईघाईने घर सोडत असल्याचे लिहून देऊ नये.

करारातील तीन कलमे पेन्सिलीने खुणा करून वाचावीत: नोटिशीची मुदत, लॉक-इनची (म्हणजे जिच्याआधी घर सोडता येत नाही ती) मुदत आणि अनामत परत करण्याची अट. नोटिशीची मुदत बहुधा एक महिना असते. लॉक-इनचे कलम दाखवून उरलेल्या महिन्यांचे भाडे मागितले गेले, तर लायसन्स व्यक्तीसोबतच संपते हे शांतपणे सांगावे. बहुतेक मालक एवढ्यावर ऐकतात. मात्र करारावर मुलाने जामीनदार म्हणून सही केली असेल, तर त्याची जबाबदारी स्वतंत्र असते. बाकी वारसांवर मृताच्या थकबाकीचा बोजा त्याच्याकडून त्यांना जे मिळाले तेवढ्यापुरताच येतो, खिशातून भरण्याचा नव्हे.

महिन्याच्या बोलीवर दिलेला साधा भाडेपट्टा असेल आणि वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते. करार सापडत नसेल पण नोंदणीकृत असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. करार मुळात झालाच नसेल, तरी बिचकण्याचे कारण नाही. तो लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसताना अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे. धुळ्याच्या माणसाला उपचारासाठी नाशिकला नेले आणि तिथे निधन झाले, तर नोंद नाशिकला होणार, हे माहीत नसल्याने लोक महिनाभर धुळे महापालिकेत खेटे घालतात. दवाखान्यात मृत्यू झाल्यास नोंद दवाखाना कळवतो. घरी झाल्यास कुटुंबाने २१ दिवसांच्या आत कळवायचे असते. दाखल्याच्या एकाच वेळी आठ-दहा प्रती घ्याव्यात. मालक, बँक, विमा, गॅस, शिधापत्रिका असे मागणारे पुष्कळ असतात आणि काही ठिकाणी छायाप्रत चालत नाही.

मालकाला लेखी कळवा

फोनवर बोलावे, भेटून बोलावे, चहाही घ्यावा. पण त्याच दिवशी पत्र द्यावे. खान्देशात मालक आणि भाडेकरू यांचे नाते बहुधा अण्णा-नाना, काकू-वहिनी असेच असते आणि कागद पुढे केला की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. "नाना, आम्ही भावंडे चार गावांना आहोत, आमच्यातच उद्या गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो," असे म्हटले की कोणाला राग येत नाही, आणि ते खोटेही नसते. पत्राचा नमुना असा:

"विषय: आपल्या मालकीच्या (पूर्ण पत्ता) येथील घराचा ताबा परत देण्याबाबत. वरील घरात भाड्याने राहणारे माझे वडील कै. … यांचे दिनांक … रोजी निधन झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. सदर घर पुढे ठेवण्याची आम्हा वारसांची इच्छा नसून, ते रिकामे करून दिनांक … रोजी सकाळी … वाजता आपणांस ताबा देण्याचे योजिले आहे. त्या वेळी आपण किंवा आपले प्रतिनिधी यांनी उपस्थित राहून घराची पाहणी करावी, मीटरचे रीडिंग नोंदवून घ्यावे आणि ताबा मिळाल्याची पावती द्यावी, ही विनंती. आपणांकडे जमा असलेल्या रु. … अनामतीचा हिशेब त्याच वेळी करून शिल्लक रक्कम … यांच्या बँक खात्यावर जमा करावी. त्याबाबतचे सर्व वारसांचे संमतीपत्र त्या दिवशी आपणांस देऊ."

दाखला हाती आला नसेल तर "मिळताच सादर करू" असे लिहावे. त्यासाठी पत्र अडवून ठेवू नये, कारण नोटिशीचे दिवस पत्र पोहोचल्यापासून मोजले जातात आणि उशिराचा प्रत्येक आठवडा भाड्यात मोजला जातो. एक प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोहोचल्याच्या नोंदीसह पाठवावे आणि व्हॉट्सअॅपवर त्याचे छायाचित्रही टाकावे.

मधल्या काळातील भाडे वारसाने स्वतःच्या खात्यातून द्यावे. गेलेल्या माणसाचा मोबाइल हाती आहे आणि पिन माहीत आहे म्हणून त्यावरून पैसे पाठवणे हा मोह टाळावा. पुढे बँकेत आणि भावंडांतही त्याचा जाब द्यावा लागतो. पावती घेताना "कै. … यांच्या घराच्या भाड्यापोटी, वारसांतर्फे" असे शब्द घालून घ्यावेत, म्हणजे आपण स्वतः नवे भाडेकरू झालो असा अर्थ कोणी काढणार नाही. भाड्याची पावती देणे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

घर रिकामे करणे

सामान हलवण्याआधी कागद शोधावेत. आमच्या मावशीच्या विम्याची पॉलिसी गोदरेजच्या कपाटात नव्हती. ती पत्र्याच्या पेटीत, नऊवारीच्या घडीत होती, आणि बँकेची मुदत ठेवीची पावती देव्हाऱ्यातील पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळलेली होती. जुन्या माणसांची घरे अशीच लावलेली असतात. गाद्यांच्या खाली, गव्हाच्या कोठीत, देवांच्या फोटोंच्या मागे हात घातल्याशिवाय भंगारवाल्याला दारात उभे करू नये. दागिना किंवा रोकड सापडल्यास किमान दोन वारसांच्या समक्ष यादी करून सह्या घ्याव्यात. लांबच्या वारसाला व्हिडिओ कॉलवर घेतले तरी चालते. पुढची भांडणे निम्मी होतात.

मागून आणलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. शेवटच्या आजारपणात आणलेली दवाखान्याची खाट, ऑक्सिजनचे यंत्र किंवा व्हीलचेअर पुष्कळदा एखाद्या सेवाभावी संस्थेकडून अनामत भरून आणलेली असते. ती कोपऱ्यात राहून जाते आणि कोणा गरजूचीही अडचण होते.

विजेचे कनेक्शन मालकाच्या नावावर असेल तर शेवटच्या रीडिंगपर्यंतचे बिल भरून पावती देणे एवढेच काम उरते. क्वचित ते भाडेकरूच्या नावावर असते. अशा वेळी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात दाखल्यासह अर्ज करून अंतिम बिल मागावे, म्हणजे कनेक्शन मालकाच्या नावावर वळवता येते आणि भरलेल्या सुरक्षा ठेवीवरचा वारसांचा हक्क मांडता येतो. गॅसचे कनेक्शन घरातील दुसऱ्या सदस्याच्या नावावर करता येते. नको असल्यास सिलिंडर, रेग्युलेटर आणि मूळ व्हाउचर एजन्सीत जमा करून ठेव परत घ्यावी. भरलेला सिलिंडर शेजाऱ्यांना "वापरा तुम्ही" म्हणून देऊन टाकला, की पुढे तो त्याच नावावर फिरत राहतो. शिधापत्रिकेतून नाव कमी करणे तालुका पुरवठा विभागात होते. पोस्टमनला नवा पत्ता लेखी द्यावा, कारण विमा कंपनीची आणि निवृत्तिवेतनाची पत्रे पुढचे सहा महिने याच दारावर येत राहतात.

पाहणी, आणि कुलरचा डाग

घर रिकामे झाल्यावर, झाडून पुसून, दिवसाच्या उजेडात प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढावा. नळ सोडून दाखवावा, दिवे-पंखे लावून दाखवावेत आणि मीटरसमोर थांबून आकडे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र घ्यावे. मालकाचे पंखे, कपाट, गिझर असे काही असेल तर करारासोबतच्या यादीशी ताडून पाहावे.

आपल्याकडे वाद होतो तो बहुधा कुलरवरून. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकणाऱ्या भुसावळ-जळगावात कुलरशिवाय भाडेकरू राहत नाही. खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा स्टँड भिंतीत ठोकलेला असतो, पाण्याची नळी खिडकीच्या चौकटीला तारेने बांधलेली असते, आणि चार उन्हाळ्यांनंतर खिडकीखालच्या भिंतीवर हातभर रुंदीचा पांढरट, खारवलेला पट्टा उमटतो. बोट लावले तर चुन्याची पापडी निघते. मावशीच्या घरी असाच पट्टा होता आणि मालकांनी संपूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे मागितले. सुदैवाने नातवाच्या बारशाचा जुना फोटो सापडला. मावशी त्या घरात राहायला गेल्यानंतर महिनाभरातला तो फोटो होता आणि पाळण्यामागच्या भिंतीवर तोच पट्टा, थोडा फिकट, दिसत होता. शेवटी त्या एका भिंतीच्या गिलाव्याचा खर्च आम्ही दिला आणि विषय मिटला.

नियम असा, की वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही, नुकसान येते. फिकट झालेला रंग, खिळ्याचे छिद्र, घासलेली फरशी ही झीज. फुटलेले बेसिन किंवा उखडलेली खिडकी हे नुकसान. स्वतः बसवलेला स्टँड, पडद्याचे रॉड किंवा पाण्याची टाकी भाडेकरूची असते आणि ताबा देण्याआधी ती काढून नेता येते, मात्र भोके बुजवून जागा पूर्ववत करावी लागते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरांत गच्चीवरची टाकी ही किरकोळ वस्तू नसते. ती कोणाची हे आधीच बोलून घ्यावे. मालकाला ती हवी असेल तर किंमत ठरवून हिशेबात धरावी.

अनामत आणि वारस

अनामतीला बँक खात्यासारखा नामनिर्देशित वारस नसतो. ती मृताच्या मालमत्तेचा भाग आहे आणि सर्व वारसांची आहे. मृत पुरुष हिंदू असेल व मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे समान हिस्सेदार असतात. लग्न झालेली मुलगी त्यात आहेच. गावी राहणारी म्हातारी आईही आहे आणि नेमका तिचाच विसर पडतो.

मालकाची भीती रास्त असते: आज एका भावाला पैसे दिले आणि उद्या दुसरा दारात उभा राहिला तर? त्यावरचा सोपा उपाय म्हणजे सर्व वारसांनी सही केलेले संमतीपत्र, ज्यात अनामतीची नेमकी रक्कम, ती कोणाच्या खात्यावर जमा करायची ते, आणि पुढे कोणा वारसाने हक्क सांगितल्यास मालकाला तोशीस लागू देणार नाही अशी हमी लिहिलेली असते. मालकाला मुद्रांकावर हवे असल्यास, राज्यात २०२४ च्या ऑक्टोबरपासून बहुतेक अशा दस्तांसाठी शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो, हे धरून चालावे. वीस-तीस हजारांच्या अनामतीसाठी न्यायालयाच्या वारस दाखल्याचा आग्रह कोणी धरला, तर हे संमतीपत्र पुढे ठेवून त्याचे मन वळवावे; दाखल्याला वेळ आणि खर्च दोन्ही जास्त लागतात.

इथे बहिणींना एक सूचना द्यावीशी वाटते. "अनामतीसाठी फक्त सही हवी" असे सांगून पुढे केलेल्या कागदावर 'हक्कसोड' हा शब्द किंवा 'सर्व स्थावर-जंगम मालमत्ता' असे शब्द दिसले, तर सही करू नये. अनामतीच्या संमतीपत्रात अनामत सोडून दुसऱ्या कशाचाही उल्लेख असण्याचे कारण नाही.

पैसे धनादेशाने किंवा थेट खात्यावरच घ्यावेत. रोख घेतलेल्या रकमेचा हिशेब भावंडांना देताना आकडा दर वेळी थोडा बदलतो.

किल्ली आणि पावती एकाच वेळी

ताबा देण्याच्या दिवशी सर्व किल्ल्या एकत्र आणाव्यात: कामवाल्या बाईंकडची, शेजाऱ्यांकडची, गच्चीची, मीटरपेटीची. पावतीच्या दोन प्रती आधीच लिहून न्याव्यात: "कै. … यांनी भाड्याने घेतलेल्या … येथील घराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा आज दिनांक … रोजी … वाजता त्यांच्या वारसांकडून … किल्ल्यांसह मला मिळाला. मीटर रीडिंग … . आजपर्यंतचे भाडे व वीजबिल पूर्ण मिळाले असून येणे बाकी नाही. अनामत रु. … पैकी … या कारणासाठी रु. … वजा जाता रु. … परत केले / दिनांक … पर्यंत परत करीन." त्याखाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मालक सही करेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा आपल्या हातात असावा, आणि सही झाली की लगेच त्यांच्या हातात द्यावा.

मालक ठरल्या दिवशी आलेच नाहीत, तर साक्षीदारांसमक्ष घर बंद करून, व्हिडिओ घेऊन, "आज ताबा देण्यास हजर होतो, आपण आला नाहीत, किल्ल्या … येथे आपल्यासाठी ठेवल्या आहेत" असे पत्र त्याच दिवशी पाठवावे. त्यापुढचे भाडे मागणाऱ्याला उत्तर देण्यास ते पत्र उपयोगी पडते.

ताबा देण्याआधीच घरातून निघून जावे म्हणून कोणी पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली त्यावर दाद मागता येते. ज्या शहरात लघुवाद न्यायालय नाही तेथे भाड्याचे असे वाद दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालतात. अनामत अडून राहिली तर दाव्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, आणि महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. जाताना करार, पत्राची पोच, भाड्याच्या पावत्या, दाखला, संमतीपत्र आणि व्हिडिओ असलेला मोबाइल सोबत न्यावा.